ओरिजिनल

बरेच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त भाच्याचं.

तर झालं असं, की ताईचा मुलगा मिनेसोटात असतो, म्हणजे तळ्यांच्या राज्यात. तिथे त्याने मागच्या हिवाळ्यात कुणाच्या तरी गॅरेजमधून एक जुनी वॉटर स्कूटर विकत घेतली. कावासाकीची ५५०, ऐंशीच्या दशकातली. बसून चालवायची नाही, उभं राहून चालवायची. पुढे एक दांडा, त्याला हँडल, मागे पाय ठेवायला खोलगट जागा, बास. आपण अलिबागला किंवा मालवणला ज्या वॉटर स्कूटरवर मागे बसून बोंबलतो, तिची ही थोरली बहीण. ताईने मला फोनवर सांगितलं, "अरे, त्याने पाण्यावरची स्कूटर घेतलीय, आणि ती चालत नाही." ताई अकोल्यात वाढलेली आहे. जिथे उन्हाळ्यात नळ किती दिवसांनी येतो हे विचारून पाहुणे यायची तारीख ठरवतात, तिथली बाई. तिला पाण्यावर स्कूटर ही कल्पनाच उधळपट्टीची वाटते.

आता हे महाशय ती स्कूटर 'ओरिजिनल कंडिशन'ला नेताहेत. दर रविवारी मला फोटो येतात. इंजिन उतरवलं. दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक. कार्बोरेटर खोलला. फायबरचं अंग घासायला काढलं. आधीच्या मालकाने लावलेलं बाहेरचं हँडल काढून टाकलं, कंपनीचं जुनं शोधून मागवलं. अंगावरचे पट्टे आणि अक्षरं हुबेहूब छापून देणारे लोक तिकडे आहेत, त्यांच्याकडे ऑर्डर दिली. आणि मग एक प्रश्न आला: "मामा, तुम्ही आजोबांची चेतक रिस्टोअर केली ना? तुम्हाला अनुभव आहे. किती ओरिजिनल करू?"

अनुभव आहे. म्हणूनच हे सगळं लिहितोय. त्याला फोनवर जे सांगितलं ते अर्धवट होतं.

थोडं मागे जातो. भाच्याच्या स्कूटरचा आणि आमच्या स्कूटरचा संबंध तुम्हाला वाटतो तितका लांबचा नाही. 'जेट स्की' हे खरं तर कावासाकीच्या मालाचं नाव. क्लेटन जेकबसन नावाचा एक अमेरिकन मोटोक्रॉसवाला होता. खडकाळ जमिनीवर पडून पडून कंटाळला आणि पाण्यावर चालणारी मोटरसायकल बनवायच्या मागे लागला. १९७३ साली कावासाकीने ती बाजारात आणली. त्याच कावासाकीशी आपल्या बजाजने पुढे हात मिळवला आणि १९८६ साली कावासाकी बजाज रस्त्यावर आली. तेव्हा कॉलेजात ज्याच्याकडे ती होती, त्याच्याभोवती नेहमी घोळका असायचा. आमच्या घरी मात्र चेतक होती.

आणि गंमत बघा. भाच्याने विचारलं, तेलाचं प्रमाण किती ठेवायचं, पुस्तकात पन्नासाला एक लिहिलंय. म्हणजे लिटरला वीस मिलि. आमच्या चेतकचं तेच! बाबा पेट्रोल पंपावर उभे राहून हेच सांगायचे, आणि पंपावरचा पोरगा कमी तेल घालतोय की काय म्हणून मापाकडे डोळे लावून बसायचे. बाबांच्या मते जगातली निम्मी इंजिनं या पोरांनी जाम केली होती.

बाबांनी चेतकचं बुकिंग केलं १९७६ मध्ये. गाडी मिळाली १९८४ मध्ये. हे वाचून आजच्या पोरांना हसू येईल, पण तेव्हा ते अगदी नेहमीचं होतं. सरकारने ठरवून दिलेल्या आकड्यापलीकडे कारखान्याने गाड्या काढायच्या नाहीत आणि लोकांनी मुकाट नंबर लावायचा, असा तो जमाना. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला गाडी लवकर मिळायची. आमच्याकडे परकीय चलन म्हणजे एका काकांनी सिंगापूरहून आणलेलं एक नाणं, तेही देव्हाऱ्यात. बुकिंग झालं तेव्हा मी पाटीवर अक्षरं गिरवत होतो, गाडी आली तेव्हा सायकलवर शाळेत जात होतो.

चेतक मुळात इटलीची. पिआजिओच्या व्हेस्पाचं लायसन घेऊन बजाजने साठीच्या दशकाच्या सुरुवातीला स्कूटरी बनवायला घेतल्या. १९७१ मध्ये ते लायसन संपलं, आणि १९७२ मध्ये त्याच वळणाची गाडी राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन आली. व्हेस्पाचा आराखडा करणारे कोरादिनो दास्कानिओ हे हेलिकॉप्टर बनवणारे इंजिनिअर. त्यांना मोटरसायकल आवडायची नाही. साखळीचं तेल कपड्यांना लागतं, चाक बदलताना हात काळे होतात. म्हणून त्यांनी पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं आणि इंजिन मागच्या चाकाला खेटून उजव्या अंगाला बसवलं. त्या उजव्या अंगाच्या वजनामुळे आपली स्कूटर जरा एकीकडे झुकलेली असायची, आणि सकाळी सुरू झाली नाही की डावीकडे आडवी करून पुन्हा किक मारायची. असं का करायचं हे कुणाला माहीत नव्हतं, पण अख्ख्या भारताने केलं.

बाबा कापसाचे ग्रेडर होते. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली, त्यातले. हंगामात खरेदी केंद्रावर बैलगाड्यांची रांग लागायची, आणि गाडीत हात घालून, मूठभर कापूस ओढून, धाग्याची लांबी बघून ग्रेडर भाव ठरवायचा. शेतकऱ्याचं वर्ष त्या मुठीवर ठरायचं. बाबांना रात्री झोप लागत नसे, असं आई सांगायची. दर्यापूर, मूर्तिजापूर, अंजनगाव अशी केंद्रं बदलत असायची. चेतकच्या डिकीत कायम कापसाची पुंजकी असायची. एअर फिल्टर साफ करताना उस्ताद म्हणायचे, "तुमच्या बाबाच्या गाडीतून तं वर्षाची एक उशी निघते."

उस्ताद म्हणजे अकोल्याचे आमचे मेकॅनिक. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. तेव्हा विशीतले होते, आता सत्तरीला टेकलेत. अजून टपरीवर बसतात.

१९८८ च्या पावसाळ्यात दर्यापूरच्या रस्त्यावर बाबांची गाडी घसरली. आपल्याकडची काळी माती ओली झाली की तिच्यावर चालतानासुद्धा चप्पल हातात घ्यावी लागते, तिथे आठ-दहा इंची चाकांचं काय चालणार. उजवा पाय घोट्यात मोडला. प्लास्टर निघालं, पण घोटा कायमचा आखडला. पंजा खाली दाबता येईना.

ज्यांनी चेतक चालवली त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. मागचा ब्रेक उजव्या पायाच्या पंजाने दाबायचा असतो. पंजा दबत नाही म्हणजे गाडी गेली, गाडी गेली म्हणजे फिरती गेली, आणि फिरती गेली की ऑफिसात टेबलावर बसवणार. तो अपमान बाबांना नको होता. दोन महिने ते घरात गप्प बसून होते. मी तेव्हा आठवीत असेन. ते गप्प बसणं मला नीट आठवतं, कारण त्या काळात आमच्याकडे रेडिओही हळू लावायचे.

मग एक दिवस उस्ताद घरी आले. बाबांना खुर्चीवर बसवलं, पाय पुढे ठेवायला लावला, वितीने माप घेतलं. बैलगाडीच्या चाकावरची जी लोखंडी धाव असते, तिचा एक तुकडा त्यांनी लोहाराकडून तापवून सरळ करून घेतला, कापला, आणि ब्रेकच्या पेडलला दोन भोकं पाडून नट-बोल्टाने कसला. पेडल मागच्या बाजूला वीतभर लांब झालं. आता पंजाची गरज नाही, टाच दाबली की ब्रेक लागायचा. वर सायकलच्या टायरचा तुकडा चिकटवला, पाय घसरू नये म्हणून. किक मारायचं काम माझ्याकडे आलं. केंद्रावर कुणीतरी हमाल मारून द्यायचा.

बाबांनी त्या पट्टीवर पुढची वीसेक वर्षं गाडी चालवली. नोकरी संपेपर्यंत फिरती केली. माझं कॉलेज, ताईचं लग्न, सगळं त्या पट्टीवर झालं म्हटलं तरी चालेल.

२०१६ मध्ये बाबा गेले. गाडी माझ्याकडे अमरावतीला आली आणि पार्किंगमध्ये कव्हराखाली सात वर्षं उभी राहिली. २०२३ मध्ये मला उमाळा आला. (पन्नाशीला पुरुषांना येतो. कुणी सायकल घेतं, कुणी बासरी शिकायला लागतं.) बाहेरगावच्या एका वर्कशॉपचं काम इंटरनेटवर पाहिलं. आरशासारख्या गाड्या. फोन केला, गाडी टेम्पोत टाकून पाठवली. त्यांनी विचारलं, "साहेब, कसं करायचं?" मी म्हटलं, "सगळं ओरिजिनल पाहिजे. कारखान्यातून निघाली तशी."

चार महिन्यांनी आली. काय दिसत होती! जमिनीचा सडलेला पत्रा नवा, रंग त्याच छटेचा, बोअर मारून नवा पिस्टन, सगळ्या वायरी नव्या, सीट नवी, रबरं नवी. शेजारचे लोक फोटो काढायला खाली आले. बायकोने ओवाळलं. मी जवाहर गेटपर्यंत चक्कर मारून आलो, आणि सिग्नलला तीन म्हाताऱ्यांनी मला थांबवून आपापल्या चेतकच्या गोष्टी सांगितल्या. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी फार खूश होतो.

ब्रेक पंजाने लागत होता. ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. माझा पाय शाबूत आहे ना.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात गाडी चालवत अकोल्याला न्यायची ठरवली. शंभरेक किलोमीटर. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू. हा रस्ता एकेकाळी असा होता की अमरावतीहून निघालेला माणूस अकोल्याला हाडं मोजत उतरायचा. २०२२ च्या जून महिन्यात याच मार्गावर लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी केला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. आमच्या भागाचं नाव चांगल्या रस्त्यासाठी जगभर गेलं, याचा धक्का अजून लोकांना पचलेला नाही. त्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाने चेतक चालवताना ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, काही कौतुकाने, बरेचसे वैतागाने.

उस्तादांच्या टपरीसमोर गाडी लावली. त्यांनी आधी आवाज ऐकला. मग गाडीभोवती एक फेरी मारली, फडक्याने हात पुसले, पत्र्यावर बोट फिरवलं. "कलर लय मस्त मारला, भाऊ." मग खाली वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

"थे पट्टी कुठी गेली?"

मला आधी कळलंच नाही कसली पट्टी.

"बाबाची पट्टी. पेडलची. काहून काहाडली?"

मी वर्कशॉपला फोन केला. तो माणूस बिचारा सरळ होता. म्हणाला, "साहेब, पेडलला भोकं होती, कुणीतरी लोखंड ठोकलं होतं. तुम्ही ओरिजिनल म्हणालात म्हणून पेडलच बदललं. जुनं भंगारात गेलं." त्याची काय चूक? सांगितलं ते त्याने केलं. मला दहा मिनिटं उस्तादांकडे बघता येईना. त्यांनी चहा मागवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गाडीचा प्लग खोलत बसले.

तेव्हापासून हा 'ओरिजिनल' शब्द माझ्या डोक्यात बसलाय. ओरिजिनल म्हणजे कधीचं? कारखान्याच्या दारातून निघाली तो दिवस, असं सगळे धरून चालतात. मीही धरलं होतं. पण त्या दिवशी ती गाडी आमची नव्हतीच. तेव्हा तिच्यासारख्या हजारो एका रांगेत उभ्या असतील. मी पैसे देऊन बाबांची गाडी त्या रांगेत परत नेऊन उभी केली.

तुम्ही म्हणाल, हा भावनेचा मामला आहे, रिस्टोअर करणाऱ्यांचं शास्त्र वेगळं असतं. मलाही तसंच वाटत होतं, म्हणून जरा वाचलं. तर शास्त्र माझ्यापेक्षा उस्तादांच्या बाजूने निघालं! जुन्या इमारतींच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिसला एक सनद झाली. तिच्यात म्हटलंय की वास्तूत प्रत्येक काळाने घातलेली भर मानली पाहिजे, आणि जिथे अंदाज सुरू होतो तिथे दुरुस्ती थांबली पाहिजे. जुन्या वाहनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, फिवा, याने त्याच धर्तीवर २०१२ मध्ये तुरिनची सनद मंजूर केली. तिचा रोख असा, की गाडी नित्य वापरात असताना तिच्यात जे बदल झाले ते तिच्या इतिहासाचा भाग आहेत, ते जपा. म्हणजे बाबांची पट्टी तुरिनच्या नियमाने वाचली असती, माझ्या नियमाने गेली.

आपल्या कायद्याचं जरा वेगळं आहे. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी असावी, मूळ स्वरूपात असावी, सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा. मग तिला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये लागतात, आणि गाडी रोजच्या वापराला नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, संशोधन वगैरेंसाठी रस्त्यावर आणायची. आमची चेतक २०३४ मध्ये पात्र होईल. नियम वाईट नाही, भलत्यासलत्या गाडीला कुणी व्हिंटेज म्हणू नये म्हणून केलेला आहे. पण एक गोष्ट मनात राहते. जी गाडी सगळ्यात जास्त राबली, तिच्यात सगळ्यात जास्त फेरफार झालेले असणार. जी सेठजींच्या गॅरेजात कापडाखाली राहिली, ती सगळ्यात ओरिजिनल. शेतकऱ्याच्या, ग्रेडरच्या, दूधवाल्याच्या गाडीला या हिशोबात जागा कमीच.

आपल्या घरात या गोष्टीची समज होती हो. कल्हईवाला आठवतो? तो दारात भाता लावायचा, भांडं तापवायचा, नवसागर टाकून कथील फिरवायचा आणि काळंकुट्ट पातेलं चांदीसारखं करून द्यायचा. पण भांड्यावर कोरलेलं नाव? आजीच्या माहेरचं नाव, लग्नाची तारीख? ते कुणी कल्हईवाल्याला घासून टाक म्हटलंय का कधी? पाट्याला टाकी लावायचे, पण वापरून पडलेला त्याचा खोलगट भाग कुणी सपाट करून मागितला नाही. झिजलं ते दुरुस्त करायचं, माणसाची खूण ठेवायची, एवढं साधं ते होतं. त्यासाठी कुणी व्हेनिसला गेलं नव्हतं.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर उस्तादच मला हसतील. 'जसं आहे तसं राहू द्या' हे आळशी माणसाचं आवडतं तत्त्वज्ञान आहे. जमिनीचा पत्रा सडला होता, तो बदलायलाच हवा होता. तिथे पाय घातला तर रस्ता दिसत होता. ब्रेकची वायर, टायर, दिव्यांच्या वायरी यांच्यात कसली आठवण नि कसलं काय. तिथे भावना मधे आणली तर दवाखाना गाठावा लागेल. आणि प्रत्येक जुगाड पूज्य असतो असंही नाही. माझ्याच कॉलेजच्या दिवसांत मी त्या चेतकला एक संगीत वाजवणारा हॉर्न लावला होता. तो वर्कशॉपवाल्याने काढून टाकला, त्याचं भलं होवो.

आणि नुसतं जपा जपा म्हणून काय होतं, ते मूर्तिजापूरला जाऊन बघावं. आपली शकुंतला. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर, नॅरो गेज, कापूस वाहून न्यायला घातलेली. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन सत्तर वर्षं त्या गाडीला ओढत होतं. १९९४ मध्ये डिझेल आलं. आता गाडीच धावत नाही. ब्रॉड गेज करा म्हणणारे आणि जुनी ठेवा म्हणणारे दोघेही बोलत राहिले, आणि रुळांमध्ये गवत वाढलं. माझं मत विचाराल तर, ज्यांना दवाखान्याला नि बाजाराला जायचंय त्यांची गाडी आधी, माझ्यासारख्यांच्या आठवणी नंतर. अचलपूरच्या म्हातारीने माझ्या फोटोसाठी वीसच्या वेगाने का जावं? पण एखादं स्टेशन, एखादा डबा, त्यावरची शंभर वर्षांची ओरखड्यांची नक्षी तशीच राहावी. नवा रंग मारून, फुगे लावून 'हेरिटेज' करू नये.

असो. गाडी रुळावरून घसरली.

त्या दिवशी चहा झाल्यावर उस्ताद म्हणाले, "टेन्शन नोका घेऊ, भाऊ. दुसरी बनवून देतो. माप हाय माह्या डोक्यात." आणि खरंच त्यांनी हवेत वीत धरून दाखवली. मी क्षणभर हो म्हणणार होतो. मग नको म्हटलं. माझा घोटा चांगला आहे. माझ्या गाडीला ती पट्टी लावली तर ती काय असेल? शोभेची. बाबांच्या लंगडण्याची नक्कल केल्यासारखं. पेडलला भोकं पाडून, त्यावर मुद्दाम गंज चढवून, 'ही बघा आमच्या बाबांची' असं पोरांना सांगणं मला जमलं नसतं. बायकोचं मत वेगळं आहे. ती म्हणते, उस्तादांनी बनवलेली असती तर ती उस्तादांची पट्टी झाली असती, खोटी कशी? यावर आमचं अजून एकमत नाही. कदाचित तिचंच बरोबर असेल.

भाच्याचं काय, तर त्याला मी फोनवर आधी म्हटलं, तुझी गाडी तुला अनोळखी माणसाकडून मिळालीय, तुझ्यावर कसलं ओझं नाही, बिनधास्त कारखान्यातल्यासारखी कर. तिचं खरं काम पाण्यावर उड्या मारणं. ती जितकी सुरेख दिसेल तितकं बरं.

मग पुढच्या रविवारचे फोटो आले. इंजिनावरचं झाकण उलटं करून ठेवलेलं होतं, घासायला. झाकणाच्या आतल्या बाजूला काळ्या मार्करने बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं दिसलं. मी मोठं करून पाहिलं. तारखा होत्या. १९८७ पासूनच्या. प्लग बदलला, तेल, पुन्हा प्लग, हिवाळ्यासाठी पाणी काढलं, पुन्हा पुढच्या वर्षी. दर मे महिन्याला एक ओळ, दर सप्टेंबरला एक. एकाच हाताची अक्षरं, सतरा-अठरा वर्षांची. शेवटी शेवटी अक्षर थोडं थरथरलेलं. मग काहीच नाही.

मी लगेच फोन लावला. तिकडे पहाटेचे पाच वाजले होते. (ताईने नंतर माझी खरडपट्टी काढली.) त्याला विचारलं, झाकण घासलंस का? म्हणाला, नाही, आज घासणार होतो, का? मी त्याला पट्टीची गोष्ट सांगितली. त्याला आजोबांची टाच आठवत होती. लहानपणी सुट्टीत आला की तो पुढे उभा राहायचा, हँडलला धरून, आणि बाबांचा पाय ब्रेकवर आपटला की "टक्" असा आवाज यायचा. तो आवाज त्याला आठवत होता, आणि मी चार महिने गाडी पाठवून परत आणली, वर्षभर चालवली, तरी मला आठवला नव्हता.

तो म्हणाला, "पण मामा, तो माणूस तर माझा कुणीच नाही." मी म्हटलं, "खरंय. तूच ठरव."

परवा फोटो आला. बाहेरून झाकणाला नवा रंग बसलाय, अगदी कंपनीसारखा. आतल्या बाजूला निळी चिकटपट्टी चौकोनात लावून ती अक्षरं झाकून ठेवलीत, रंग उडू नये म्हणून. बर्फ वितळला की गाडी तळ्यात सोडणार आहे. खाली मार्करने पहिली ओळ आपण लिहायची का नाही, हे त्याचं अजून ठरलेलं नाही.

माझ्या चेतकला आता नव्या नियमाची नंबर प्लेट लावायचीय. बाबांनी पेंटरकडून हाताने रंगवून घेतलेली जुनी पाटी वर्कशॉपवाल्याने का कोण जाणे, परत पाठवली होती. ती डिकीत ठेवली आहे. कापूस मात्र एकही पुंजका राहिलेला नाही, व्हॅक्यूम मारलाय त्यांनी.